मांजराची किडनी गेली म्हणजे सगळं संपलं? त्या फॉरवर्डला माझं उत्तर

मांजरवाल्यांच्या जवळपास प्रत्येक ग्रुपवर सध्या एक लांबलचक फॉरवर्ड फिरतोय. तुम्ही वाचला नसेल तर थोडक्यात सांगते. मांजराचा किडनीचा रिपोर्ट खराब आला की पुढे करण्यासारखं काही नसतं, डॉक्टर फक्त टेस्टचे पैसे काढतात, सलाईनच्या सुया म्हणजे मुक्या जिवाचे हाल, चिकन-मासे ताबडतोब बंद करून दूधभात द्या, पुनर्नवा-गोखरूचा काढा पाजा, पाणी फार पीत असेल तर वाटी उचलून ठेवा, हे सगळं तुम्ही ड्राय फूड घातल्यामुळे झालंय, आणि शेवटी मांजर आपणहून कोपरा शोधतं तेव्हा त्याला शांतपणे जाऊ द्या.

लिहिणाऱ्याचा हेतू वाईट असेल असं मला वाटत नाही. पण हा मेसेज वाचून ओळखीतल्या एका काकूंनी त्यांच्या बोक्याचं चांगलं चाललेलं सलाईन बंद केलं, आणि असे अजून किती असतील कोण जाणे. माझी मांजर ठमी या आजाराच्या तिसऱ्या स्टेजला आहे, आत्ता खिडकीत बसून कबुतरांवर लक्ष ठेवून आहे, त्यामुळे हा विषय माझ्यासाठी रोजचा आहे. एकेक मुद्दा घेते.

रिपोर्ट खराब म्हणजे संपलं

आधी आजार कुठला ते बघा. किडनीचा त्रास अचानक होतो तो वेगळा आणि वर्षानुवर्षं हळूहळू वाढतो तो वेगळा, फॉरवर्डमध्ये दोन्ही एकच धरलेत. बोक्याची लघवी अडकली, म्हणजे सारखा ट्रेमध्ये जाऊन बसतोय, ओरडतोय आणि थेंबही येत नाहीये, तर क्रिएटिनीन (रक्तातली घाण, जी किडनीने बाहेर टाकायची असते) एक-दोन दिवसांत भयंकर वाढू शकतं, आणि वेळेत कॅथेटर म्हणजे बारीक नळी घालून मोकळं केलं तर कित्येकांचं परत खालीही येतं. तिथे "आता काय उपयोग" म्हणून घरी बसलात तर वाचणारा बोका जाईल. लिलीचं तसंच. गुच्छातली लिली चावली, अंगावर पडलेले परागकण चाटले, अगदी फुलदाणीतलं पाणी प्यायलं तरी मांजराची किडनी बंद पडू शकते, आणि त्यात पहिले काही तासच महत्त्वाचे असतात. नुसतं अंगातलं पाणी कमी झालं असलं तरी आकडा फुगतो. म्हणून एका रिपोर्टवर निकाल लावायचा नसतो, पाणी भरून काढायचं, मांजर जरा स्थिर झालं की परत टेस्ट करायची, सोबत लघवीची तपासणी आणि सोनोग्राफी.

जुनाट आजारच निघाला तर स्टेज विचारा. जगभरचे डॉक्टर आयरिस नावाची पद्धत वापरतात. त्यात क्रिएटिनीन १.६ ते २.८ (एमजी/डीएल) असेल तर दुसरी स्टेज, २.९ ते ५ तिसरी आणि ५ च्या वर चौथी, सोबत एसडीएमए नावाची किडनीची रक्ततपासणी, लघवीतलं प्रोटीन आणि बीपी बघतात. आणि स्टेजप्रमाणे चित्र खूप बदलतं हो. २००८ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात दुसऱ्या स्टेजच्या उत्तरार्धात सापडलेल्या मांजरांचं मध्यक आयुष्य (म्हणजे निम्मी मांजरं त्याहून जास्त जगली) तिथून पुढे तीन वर्षांच्या थोडं वर होतं, तिसऱ्या स्टेजला दोन वर्षांच्या आसपास, चौथ्या स्टेजला मात्र काही महिने. बारा वर्षांच्या मांजरासाठी तीन वर्षं म्हणजे काय याचा विचार करा. आजार बरा होत नाही हे खरं आहे आणि ते मी लपवणार नाही. गेलेला भाग परत येत नाही. पण उरलेल्या भागावर मांजर नीट जगू शकतं, त्यासाठीच तर सगळी खटपट.

पाणी फार पितंय, वाटी उचला

हे कृपा करून कुणीही करू नका. किडनीला लघवी घट्ट करता येईनाशी होते, म्हणून शू भरपूर होते, आणि ते गेलेलं पाणी भरून काढायला मांजर सारखं पितं. पाणी तोडलं तर एक-दोन दिवसांत डिहायड्रेशन होऊन उरलेली किडनीही मार खाते. उलट घरात दोन-तीन ठिकाणी रुंद वाट्या ठेवा, जेवणात कोमट पाणी मिसळा. मांजराचे पूर्वज वाळवंटातले, त्यांना तहान मुळातच कमी लागते, त्यामुळे आपलं मांजर अचानक बेसिनच्या नळाशी जाऊन बसायला लागलं तर ते कौतुकाने व्हिडिओ काढण्याऐवजी ब्लड टेस्ट करण्याचं कारण आहे.

चिकन-मासे बंद, दूधभात सुरू

या मुद्द्यात अर्धं सत्य आहे म्हणून तो जास्त घातक आहे. किडनीच्या जेवणात प्रोटीन जपून असतं हे बरोबर, पण मुख्य भानगड फॉस्फरसची असते. तो किडनीतून बाहेर पडत नाही, रक्तात साठतो आणि आजार पुढे ढकलतो. आता दुधात फॉस्फरस भरपूर, शिवाय बहुतेक मोठ्या मांजरांना दूध पचत नाही, जुलाब होतात, जुलाबात पाणी जातं, म्हणजे नको तेच झालं. आणि मांजर पक्कं मांसाहारी आहे, त्याला टॉरिन हे गरजेचं पोषकद्रव्य मांसातूनच मिळतं, प्रोटीन एकदम तोडलं तर ते स्वतःचे स्नायू जाळायला लागतं. पाठीचा कणा हाताला लागायला लागतो ना, तो त्यातलाच प्रकार.

रीनल डाएट, म्हणजे किडनीचं खास जेवण, हे खरंच सिद्ध झालेलं आहे. २००६ च्या एका अभ्यासात दुसऱ्या-तिसऱ्या स्टेजच्या ४५ मांजरांपैकी अर्ध्यांना किडनीचं खास जेवण आणि बाकीच्यांना नेहमीचं जेवण देऊन दोन वर्षं बघितलं, तर खास जेवणवाल्या एकाही मांजराला युरेमियाचा झटका (रक्तात घाण साठून तब्येत एकदम बिघडणं) आला नाही, दुसऱ्या गटात साधारण चौघांत एकाला आला. आपल्याकडे रॉयल कॅनिनचं रीनल आणि हिल्सचं के/डी मिळतं, महाग आहे, मान्य. जुन्या जेवणात चिमूट चिमूट मिसळत काही आठवडे लावून बदला. आणि मळमळ चालू असताना तर नवीन जेवण पुढे करूच नका, कारण त्या वासाशी मळमळ जोडली जाते आणि मग ते जेवण कायमचं नकोसं होतं. आधी उलटी-मळमळीचं औषध, मग जेवणाचा प्रयोग.

नाहीच खाल्लं तर? तर जे खाईल ते द्या. उपाशी मांजर काही दिवसांतच लिव्हरच्या आजारात जाऊ शकतं, जाडजूड असेल तर जास्तच. बिनहाडाचं उकडलेलं चिकन द्या आणि डॉक्टरांना विचारून जेवणात फॉस्फेट बाइंडर, म्हणजे जेवणातला फॉस्फरस धरून ठेवणारं औषध, मिसळा, तो जेवणासोबतच काम करतो, रिकाम्या पोटी दिला तर वाया. सुकट, जवळा, सुके बोंबील मात्र खरंच बंद करा, मीठही जास्त आणि काट्यांसकट खाल्लं जातं म्हणून फॉस्फरसही जास्त. हाडांचं सूपही नको. कांदा-लसूण घातलेला रस्सा कुठल्याच मांजराला द्यायचा नाही, त्याने रक्तातल्या लाल पेशी फुटतात, आणि किडनीच्या मांजराला अनेकदा आधीच रक्त कमी असतं.

सलाईन म्हणजे हाल

हाच मुद्दा वाचून लोक सगळ्यात जास्त रडतात आणि थांबतात. घरी देतात ते सलाईन शिरेत नसतं, कातडीखाली असतं. मांजराच्या खांद्यांच्या मधली कातडी सैल असते, आई मांजर पिल्लाला तिथूनच उचलते. साधारण चार किलोच्या मांजराला शंभर ते दीडशे एमएल आरएल (रिंगर लॅक्टेट, सलाईनचाच एक प्रकार), रोज की एक दिवसाआड ते डॉक्टर ठरवतात, आणि सवय झाली की काही मिनिटांत होतं. बाटली, सेट आणि सुई मेडिकलमध्ये मिळतात. प्रत्येक वेळी नवीन सुई, बाटली कोमट पाण्यात थोडी ठेवून अंगाइतकी कोमट केलेली, सुई टोचताना पुढ्यात काहीतरी चाटायला. पाठीवर उंटासारखी मदार येते, ती कधी पायाकडे उतरते आणि काही तासांत जिरते, घाबरायचं नाही.

ठमी पहिल्यांदा चिडली, मला ओरबाडलं, मग काही दिवसांनी सलाईननंतर तिला बरं वाटतं हे तिच्या अंगात मुरलं असावं, कारण आता ती मांडीवर बसून घेते. सगळी मांजरं अशी नसतात. एखादं इतकं घाबरत असेल की तुम्हाला बघून पलंगाखाली जायला लागलं, तर डॉक्टरांशी बोलून क्लिनिकमध्ये द्या, दिवस कमी करा, दुसरा मार्ग काढा. आणि हेही सांगायला हवं की प्रत्येक किडनीच्या मांजराला सलाईन लागतच नाही, सुरुवातीच्या स्टेजला नीट खाणाऱ्या-पिणाऱ्या मांजराला उगाच दिलेलं सलाईन नुसतं ओझं, आणि हृदयाचा आजार असेल तर फुफ्फुसात पाणी होऊ शकतं. म्हणून शेजारच्या मांजराचा डोस आपल्या मांजराला नाही.

डॉक्टर फक्त टेस्टचे पैसे काढतात

खर्च होतो, खोटं कशाला बोलू. पण हातात पैसे कमी असतील तर डॉक्टरांना सरळ सांगा आणि विचारा की आत्ता कुठलं आधी. माझ्या मते बीपी अजिबात सोडू नये. किडनीच्या मांजरांत बीपी वाढणं नेहमीचं आहे, बाहेरून काही दिसत नाही आणि एक दिवस मांजर भिंतीला धडकायला लागतं कारण डोळ्याचा पडदा सुटलेला असतो. अॅम्लोडिपीन या बीपीच्या गोळीच्या छोट्याशा तुकड्याने हे टाळता येतं, औषधही स्वस्त. मग पोटॅशियम, कारण ते कमी झालं की मांजराची मान खाली झुकते, अंगात त्राणच राहत नाही, आणि ते औषधाने भरून येतं. लोक त्याला "शेवट जवळ आला" समजतात. मुंबईत असाल तर परळच्या बैलघोडासारखी जुनी ट्रस्टची हॉस्पिटलं आहेत, बाकी ठिकाणी सरकारी व्हेटर्नरी कॉलेजचे दवाखाने आहेत, तिथे जाऊन बघा.

काढा पाजा

पुनर्नवा आणि गोखरू माणसांना देतात म्हणून मांजराला चालतात असं होत नाही. मांजराचं लिव्हर कितीतरी पदार्थ आपल्यासारखं निकामी करू शकत नाही, म्हणून तर पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. त्यात लघवी वाढवणारा काढा आधीच पाणी गमावणाऱ्या जिवाला कशाला? शिवाय कडू काढा सिरींजने तोंडात घातला की लाळ, उलटी, आणि दिवसभर जेवण बंद. आयुर्वेदावर तुमचा विश्वास असेल तर असू दे, पण मांजरावरचे उपाय मांजराच्या डॉक्टरांना विचारूनच.

तुम्ही ड्राय फूड घातलं म्हणून झालं

हे वाक्य मला सगळ्यात जास्त लागतं, कारण आधीच खचलेल्या माणसाला ते अपराधी ठरवतं. वेट फूडने पोटात जास्त पाणी जातं हे खरं आणि म्हणून ते चांगलं, पण ड्राय फूडमुळेच किडनी जाते असं सिद्ध झालेलं नाही. वयानुसार हा आजार मांजरांत इतका नेहमीचा आहे की दहा वर्षांवरच्या मांजरांत तो सर्रास सापडतो, घरचं खाणाऱ्यांत, मासळीवर वाढलेल्यांत, सगळ्यांत. पर्शियन जातीत तर पॉलिसिस्टिक किडनी (किडनीत पाण्याच्या गाठी होणं) आनुवंशिक असते, आईबापांपैकी एकाकडून दोष आला तरी पुरतो, तिथे तुम्ही काय खाऊ घातलं याचा संबंधच नाही. पर्शियन घेताना ब्रीडरकडे आईबापांची सोनोग्राफी किंवा जीन टेस्ट मागा.

जपानचं इंजेक्शन येतंय, तोवर थांबा

हे फॉरवर्डच्या दुसऱ्या आवृत्तीत आहे, म्हणजे किडनी सुधारणारं इंजेक्शन जपानमध्ये तयार होतंय असं. संशोधन खरं आहे. जपानी संशोधक डॉ. तोरू मियाझाकी यांनी एआयएम नावाच्या प्रोटीनवर काम केलं, मांजरांत ते हवं तेव्हा सुटं होऊन किडनीतली घाण साफ करू शकत नाही असं २०१६ मध्ये दाखवलं, आणि २०२१ मध्ये कोविडमुळे निधी अडल्याची बातमी आल्यावर जपानी मांजरप्रेमींनी देणग्यांचा पाऊस पाडला. मलाही आशा आहे. पण "मांजरं तीस वर्षं जगणार" ही आशा आहे, उपचार नाही, आणि तुमच्या मांजराचं फॉस्फरस आज वाढलेलं आहे.

शांतपणे जाऊ द्या

इथे मला राग येतो. आजारी मांजर कोपऱ्यात जातं कारण त्याला त्रास होतोय आणि ते लपतंय. शेवटच्या टप्प्यातला युरेमिया शांत नसतो. तोंडात व्रण पडतात, सतत मळमळ, काहींना झटके येतात. उपचार सगळे बंद करून फक्त वाट बघणं याला नैसर्गिक म्हणू नका. आधी त्या कोपऱ्यातून उचलून डॉक्टरकडे न्या, कितीतरी वेळा मळमळ आणि पोटॅशियम सुधारलं की तेच मांजर संध्याकाळी येऊन पायात घोटाळतं.

आणि खरंच वेळ आली असेल तर झोपवणं, म्हणजे इंजेक्शन देऊन वेदनेतून कायमचं सोडवणं, हा पर्याय आहे, त्यात पाप नाही, आपल्याकडे लोक त्यावर बोलायला घाबरतात म्हणून मांजरं नको इतके दिवस सोसतात. डॉ. अॅलिस व्हिलालोबोस या प्राण्यांच्या डॉक्टरांची एक मोजपट्टी आहे, वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईटापेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा सात गोष्टींना प्रत्येकी दहापैकी गुण द्यायचे, बेरीज ३५ च्या वर असेल तर सांभाळणं सुरू ठेवण्याजोगं. घरातल्या दोघांनी वेगवेगळे गुण द्या, कारण रोज सुई देणाऱ्याला आणि लांबून बघणाऱ्याला वेगळं दिसतं. ठरलंच तर डॉक्टरांना आधीच विचारा, घरी येतील का, आधी गुंगीचं औषध देतील का (द्यायलाच लावा), तुम्हाला जवळ थांबता येईल का, नंतर दहन किंवा दफन कुठे. हे प्रश्न मांजर बरं असतानाच विचारून ठेवा, त्या दिवशी सुचत नाहीत.