रूट केलेल्या फोनमधली सिस्टीम अ‍ॅप्स पुसावीत का? एका लोकप्रिय सल्ल्याचा प्रतिवाद

फोन रूट केला, म्हणजे त्याच्या प्रणालीतही फेरफार करण्याचे पूर्ण अधिकार मिळवले, की कंपनीने आधीच घालून दिलेली नकोशी अ‍ॅप्स कायमची घालवता येतात, असा एक सल्ला गेली अनेक वर्षे फिरतो आहे. त्याचे सार असे: रूट परवानगी असलेला फाइल मॅनेजर उघडा, सिस्टीममधल्या ‘अ‍ॅप’ आणि ‘प्रिव्ह-अ‍ॅप’ या दोन फोल्डरांत जा आणि सोबतच्या यादीतले सगळे पुसून टाका; फोनमध्ये जागा होईल, तो वेगाने चालेल, बॅटरी जास्त टिकेल, आणि काही बिघडलेच तर फॅक्टरी रीसेट आहेच. सल्ल्यामागची तक्रार खोटी नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला १३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला, तेव्हा गूगलची अ‍ॅप्स गठ्ठ्याने फोनमध्ये घालण्याची निर्मात्यांवरची सक्ती हा त्या आदेशातला एक मुख्य मुद्दा होता. आक्षेप आहे तो उपायाला. अ‍ॅप पुसल्याने जो फायदा होतो तो सगळा ते बंद केल्यानेही होतो. पुसण्याने त्यात भर पडते ती फक्त धोक्याची.

जागेचा दावा आधी घेऊ, कारण बहुतेक जण त्यालाच भुलतात. फोनमधले स्टोरेज एकसलग नसते; त्याचे ‘पार्टिशन’ म्हणजे कप्पे केलेले असतात. सिस्टीमचे पार्टिशन वेगळे असते आणि आपले फोटो, गाणी, उतरवून घेतलेली अ‍ॅप्स ज्यात राहतात ते ‘डेटा’ पार्टिशन वेगळे असते. सिस्टीमच्या पार्टिशनमधले २०० एमबीचे अ‍ॅप पुसले, तर ती २०० एमबी तिथेच मोकळी पडून राहते; तिथे तुमचा एकही फोटो ठेवता येत नाही. आपल्या वाट्याची जागा खाणारी गोष्ट वेगळीच आहे. सिस्टीम अ‍ॅपचे अपडेट प्ले स्टोअरवरून आले की नवी आवृत्ती डेटा पार्टिशनमध्ये बसते आणि जुनी सिस्टीममध्ये तशीच राहते. सेटिंग्जमध्ये जाऊन ही अपडेट्स काढली, अ‍ॅपचा साठवलेला डेटा पुसला आणि मग ते बंद केले, तर जी जागा मिळायची ती मिळाली. बंद करण्याची ही सोय अँड्रॉइड ४.० पासून, म्हणजे २०११ पासून, फोनमध्येच आहे. काही अ‍ॅप्ससाठी निर्मात्याने ते बटण निकामी करून ठेवलेले असते हे खरे. त्यावरचा उपाय पुढे येतो.

वेग आणि बॅटरी यांबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. बंद केलेल्या अ‍ॅपला प्रणाली सुरूच करत नाही. ते मेमरीत येत नाही, पार्श्वभूमीत चालत नाही, सूचना पाठवत नाही. स्टोरेजमध्ये नुसती पडून असलेली फाइल बॅटरी खात नाही.

सगळ्यांत घातक दावा फॅक्टरी रीसेटचा आहे. फोनच्या पोटात मूळ प्रणालीची एक प्रत कुठेतरी जपून ठेवलेली असते आणि रीसेट केले की ती पुन्हा बसवली जाते, अशी पुष्कळांची समजूत असते. प्रत्यक्षात फॅक्टरी रीसेट फक्त डेटा पार्टिशन पुसते आणि सिस्टीमच्या पार्टिशनला हातही लावत नाही. तिथून पुसलेले अ‍ॅप त्यामुळे परत येत नाही, आणि फोन सुरू होण्यासाठीच ते आवश्यक असेल, तर रीसेटनंतरही फोन बूटलूपमध्ये, म्हणजे पूर्ण सुरू न होता पुन्हा पुन्हा सुरू होण्याच्या चक्रात, अडकून राहतो. फरक इतकाच की तोपर्यंत फोटोही गेलेले असतात. फोन सुरूच होत नसताना ते आधी बाहेर काढावेत म्हटले तरी अवघड, कारण अँड्रॉइड १० सह बाजारात आलेल्या फोनांपासून डेटा कूटबद्ध असणे बंधनकारक आहे आणि रिकव्हरीला, म्हणजे दुरुस्तीसाठी फोन वेगळा सुरू करण्याच्या सोयीला, तो नेहमी उलगडता येतोच असे नाही. मग उरतो एकच मार्ग: त्या मॉडेलची मूळ प्रणाली मिळवून संगणकावरून पुन्हा फ्लॅश करणे, म्हणजे फोनमध्ये नव्याने लिहिणे. पिक्सेलसाठी गूगल ती अधिकृतपणे उपलब्ध करून देते; सर्वच निर्माते तसे करत नाहीत. याउलट अ‍ॅप बंद असल्याची नोंद डेटा पार्टिशनमधल्या एका फाइलमध्ये राहते, म्हणून रीसेट केल्यावर ती नोंद जाते आणि अ‍ॅप पुन्हा चालू होते. म्हणजे या सल्ल्यातला दिलासा खरा आहे, पण तो नेमका त्यात न सांगितलेल्या पद्धतीला लागू पडतो.

यावर काही जण सांगतात की पुसण्याआधी एपीके फाइलची, म्हणजे ज्यातून ते इन्स्टॉल होते त्या फाइलची, प्रत काढून ठेवावी आणि अडल्यास ती पुन्हा इन्स्टॉल करावी. फोन सुरूच झाला नाही तर इन्स्टॉल कशावर करणार, हा पहिला प्रश्न. दुसरे असे की नेहमीच्या मार्गाने बसवलेले अ‍ॅप डेटा पार्टिशनमध्ये जाते आणि ‘प्रिव्ह-अ‍ॅप’मध्ये असल्यामुळे त्याला मिळणाऱ्या खास परवानग्या तिथे मिळत नाहीत, ते उघडते, पण त्याचे मुख्य काम करत नाही. ती फाइल हाताने मूळ जागी ठेवायची, तर तिचे मालक, परवानग्या आणि सुरक्षेचे लेबल हे सगळे जसेच्या तसे जुळवावे लागते.

शिवाय आजच्या बहुतेक नव्या फोनांवर ही कृती सांगितल्याप्रमाणे होतच नाही. अनेक फोनांत सिस्टीमचे पार्टिशन मुळातच केवळ वाचण्यासाठी बांधलेले असते, त्यामुळे रूट असूनही त्यात काही लिहिता वा पुसता येत नाही. जिथे येते तिथे पडताळणी आडवी येते: पार्टिशनच्या प्रत्येक तुकड्याचा हॅश, म्हणजे त्यातल्या मजकुरावरून काढलेली ओळखखूण, तपासला जातो, आणि अँड्रॉइड ७.० पासून ही तपासणी कडक झाली आहे. ती बंद पाडण्याचे उपाय आहेत, पण चार अ‍ॅप्स काढण्यासाठी सगळ्या फोनची राखण उठवणे हा व्यवहार आतबट्ट्याचा आहे. अपडेट्सचेही तेच. अँड्रॉइड ५.० पासून प्रणालीची अपडेट्स फाइलनिहाय न येता पार्टिशनच्या तुकड्यांनुसार येतात. मूळ पार्टिशनमध्ये एक फाइल जरी कमी झाली, तरी फरकाचे, म्हणजे फक्त बदललेला भाग आणणारे, अपडेट बसायला नकार देते.

मग रूटचा उपयोग काय? भरपूर आहे, पण तो पार्टिशन न खरवडता. जॉन वू या विकासकाने २०१६ मध्ये मॅजिस्क हे रूट करण्याचे साधन आणले, त्याचे वैशिष्ट्य हेच की सिस्टीम जशीच्या तशी राहते आणि फोन सुरू होताना तिच्यावर बदलांचा एक थर चढवला जातो. मॉड्यूलमध्ये, म्हणजे मॅजिस्कला जोडायच्या बदलांच्या संचात, त्या अ‍ॅपच्या नावाचे फोल्डर ठेवून आत ‘रिप्लेस’ नावाची, आरंभी टिंब असलेली, रिकामी फाइल टाकली की प्रणालीला तिथे रिकामे फोल्डर दिसते. मॉड्यूल बंद केले की अ‍ॅप परत. फोन अडकलाच तर सेफ मोडमध्ये सुरू केल्यावर मॅजिस्कची सगळी मॉड्यूल्स बंद होतात.

बहुतेकांना तेवढीही गरज पडत नाही. सेटिंग्जमधले बटण निकामी असलेल्या अ‍ॅप्ससाठी पॅकेज मॅनेजरची, म्हणजे ‘पीएम’ची, कमांड आहे. संगणकावरून एडीबीने, म्हणजे फोनला कमांड पाठवण्याच्या साधनाने, ती रूटशिवायही चालते, हे या सल्ल्यात कधीच सांगितलेले नसते. ‘डिसेबल-यूझर’ने अ‍ॅप बंद होते. ‘अनइन्स्टॉल’ला ‘यूझर ०’ जोडले, तर ते त्या वापरकर्त्यापुरते काढले जाते, पण मूळ फाइल सिस्टीममध्ये शाबूत राहते आणि ‘इन्स्टॉल-एक्झिस्टिंग’ने परत आणता येते. मात्र काही फोनांवर निर्मात्याने ठरावीक अ‍ॅप्सना यापासूनही संरक्षण दिलेले असते. रूट खरोखर कामी येतो तो तिथे.

आता राहिली सोबतची यादी. अशी यादी कोणत्या मॉडेलची आणि अँड्रॉइडच्या कोणत्या आवृत्तीची, हे सहसा लिहिलेले नसते, आणि सगळे त्यावरच अवलंबून असते. अँड्रॉइड ७ ते ९ मध्ये इतर अ‍ॅप्सच्या आत वेबपाने दाखवण्याचे काम क्रोमच करत असे आणि क्रोम बंद केले की वेबव्ह्यू हा स्वतंत्र घटक ते काम हाती घेई. एकाच यादीत दोन्ही असतील, तर वेबव्ह्यूवर अवलंबून असलेली अ‍ॅप्स उघडताच बंद पडतात. शाओमीच्या फोनांत हरवलेला फोन शोधण्याचे अ‍ॅप नुसते अडगळीसारखे दिसते, पण ते काढल्याने फोन बूटलूपमध्ये गेल्याचे सर्वश्रुत आहे. अशा प्रसंगी ते पुसले होते की केवळ बंद केले होते, यावर पुढचे सगळे ठरते.

मराठी टंकलेखनासाठी वेगळा कीबोर्ड वापरणाऱ्यांनी एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे. फोनबरोबर आलेला कीबोर्ड ‘आता याचे काय काम’ म्हणून काढला जातो आणि दिवसभर काही अडतही नाही. पण फोन पुन्हा सुरू केल्यावर पहिल्यांदा कुलूप उघडेपर्यंत डेटा कूटबद्धच असतो, आणि त्या अवस्थेत चालण्याची तजवीज ज्या अ‍ॅपमध्ये केलेली आहे तेच चालते. तुमच्या कीबोर्डमध्ये ती नसेल आणि कुलपाला अक्षरांचा पासवर्ड असेल, तर पासवर्ड टाकायला पडद्यावर कीबोर्डच येत नाही. आकड्यांच्या पिनला ही अडचण येत नाही, कारण ते आकडे लॉक स्क्रीन स्वतःच दाखवते. पडद्यावर काय आहे ते बोलून सांगणारे टॉकबॅक आणि मजकूर वाचून दाखवणारे गूगलचे अ‍ॅप हेही अशा याद्यांत बेधडक घातलेले आढळते. फोन एखाद्या दृष्टिहीन व्यक्तीच्या हाती असेल, तर तिच्यासाठी तो फोनच बंद झाला.

म्हणून एका वेळी एकच अ‍ॅप बंद करावे, फोन पुन्हा सुरू करून पाहावा, फोन कॉल, ओटीपीचे संदेश, कॅमेरा आणि यूपीआय हे सगळे नीट चालते की नाही हे एक-दोन दिवस पाहावे आणि मगच पुढच्या अ‍ॅपकडे वळावे. काय बंद केले याची नोंद फोनबाहेर, कागदावर ठेवावी.

पुसणे चालून जाईल अशी एक स्थिती आहे: अँड्रॉइड ४.४ किंवा त्याआधीचा, आता अपडेट्स न येणारा फोन, ज्यात सिस्टीमचे पार्टिशन लिहिण्याजोगे असते. तिथेही आधी रिकव्हरीतून सिस्टीम पार्टिशनसह पूर्ण बॅकअप घ्यावा आणि तो मेमरी कार्डावर किंवा संगणकावर ठेवावा. ज्यांना कस्टम रॉम, म्हणजे निर्मात्याऐवजी इतरांनी तयार केलेली प्रणालीच, बसवायची आहे, त्यांनी तिच्यासोबत गूगल अ‍ॅप्सचे सर्वांत लहान पॅकेज निवडावे. मग पुसण्याजोगे फारसे काही उरत नाही.