'हृदय जाळतात' म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर चालणाऱ्यांच्या ग्रुपमधून मामांना मेसेज आला: 'ॲब्लेशनमध्ये हृदय जाळतात. जळालेला स्नायू परत येत नाही, पंपिंग घटतं, दोन वर्षांत हार्ट फेल. गोळ्याच घ्या.' मामांना एएफ आहे, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची बेताल थरथर. इकोत पंपिंग ३५ टक्के, म्हणजे दर ठोक्याला खालच्या डाव्या कप्प्यातलं ३५ टक्केच रक्त बाहेर पडतं. मेसेज वाचून त्यांनी ॲब्लेशनची, म्हणजे शिरेतून बारीक नळी नेऊन हृदयात मुद्दाम छोटे व्रण करण्याच्या उपचाराची, ठरलेली तारीख रद्द केली. मला राहवलं नाही.

'हृदय जाळतात.' पण कुठं? १९९८ साली फ्रान्समधल्या बोर्दोच्या डॉक्टरांनी दाखवलं, की एएफ सुरू करणारे ठोके बहुतेकदा फुफ्फुसांकडून येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी उगम पावतात. एएफच्या ॲब्लेशनमध्ये त्या तोंडांभोवती, डाव्या वरच्या कप्प्यात, व्रणाचं कडं करतात. अंगभर रक्त ढकलतो तो खालचा डावा कप्पा. तिथं डाग देत नाहीत. व्रणाचा पुन्हा स्नायू होत नाही हे खरंच, आणि व्हायलाही नको. तिथून बेताल ठोक्यांचे विजेचे संदेश पुढे जाऊ नयेत म्हणून तर तो करायचा.

'पंपिंग घटतं.' या वाक्याचा मला सगळ्यात राग आला. बेताल, वेगवान ठोक्यांत खालचा कप्पा नीट भरतच नाही. महिनोन्‌महिने असं चाललं की तो थकतो, पसरतो. ताल सुधारला की बऱ्याच जणांत सावरतो. २०१७च्या 'कॅमेरा-एमआरआय' नावाच्या, रुग्णांवरच्या अभ्यासात सहा महिन्यांत पंपिंग ॲब्लेशनने सरासरी १८ अंकांनी वाढलं, नुसत्या वेग आवरणाऱ्या औषधांनी साडेचारच्या आसपास. खालच्या कप्प्यात जुना व्रण नव्हता त्यांचा फायदा जास्त. २०१८च्या 'कॅसल-एएफ' अभ्यासात मामांसारखेच, ३५ टक्के किंवा त्याखालचे ३६३ रुग्ण होते. मृत्यू किंवा हार्ट फेल्युअर बळावून भरती: औषधांवर ४४.६ टक्के, ॲब्लेशननंतर २८.५.

धोका नाही असं मी म्हणणार नाही. शंभरात साधारण एकाला हृदयाभोवती रक्त साचतं. क्वचित पक्षाघात होतो. कॅथेटर, म्हणजे ती नळी, थंड ठेवायला सोडलेल्या सलाइनमुळे सुरुवातीला धाप लागू शकते, ती लघवीच्या औषधाने उतरते. पहिले दोन-तीन महिने ठोके चुकूही शकतात.

'गोळ्याच घ्या.' गोळ्या हव्यातच, रक्त पातळ करणारी तर ॲब्लेशननंतरही मनाने बंद करायची नाही. पण फ्लेकेनाइडसारखं ताल सुधारणारं औषध कमजोर हृदयाला चालत नाही, आणि अमिओडॅरोन थायरॉइड, फुफ्फुसं बिघडवू शकतं.

मामा, इकोची फाइल माझ्याकडे आहे. डॉक्टरांना एवढंच विचारू: एमआरआयमध्ये खालच्या कप्प्यात व्रण दिसतो का? तारीख त्यानंतर तुम्हीच ठरवा.