मीटर पत्र्याला नको, बोअरला लावा

साठवलेलं पावसाचं पाणी धंद्यात वापरायचं तर परवानगी लागावी का, यावरून आमच्या व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर भांडण पेटलंय. एकाने सरळ अहिराणीत ठोकलं, "आमना पत्रावरनं पानी सरकारना बापनं शे का?" हसलो सगळेच. पण विषय हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

माझं मत: पत्र्यावरच्या पाण्याला परवाना नकोच. हिशोब करा. जळगावकडे वर्षाला साधारण ७०० मिमी पाऊस. हजार चौरस मीटरच्या शेडवर ७ लाख लिटर पडतं. उडून-सांडून गेलेलं सोडलं तरी साडेपाच लाख हाती लागतं, म्हणजे दहा हजार लिटरचे ५५ टँकर! चटईच्या कारखान्यात प्लास्टिक थंड करायला पाणी लागतंच. बोअरच्या पाण्याने पाइपात क्षार धरतात, पावसाच्या पाण्याने नाही. अशा माणसाला अर्ज, एनओसी, शिक्के यांत फिरवलं तर तो पन्हाळ गटारात सोडून मोकळा होईल.

नियम हवा तो बोअरला. शेततळ्यांचं काय झालं ते आठवा. योजना पाऊस अडवायची, आणि प्लास्टिकचा कागद अंथरून बोअरच्या पाण्याने भरलेली किती तळी आपण पाहिली! जमिनीतलं पाणी वर काढून उन्हात वाळत घालायचं, असला तो प्रकार. धंद्यातही हेच होणार. टाकीवर पाटी 'रेनवॉटर'ची, मागून पाइप बोअरचा. फेब्रुवारीत टाकी काठोकाठ भरलेली दिसली की समजून घ्यायचं. मीटर तिथे बसवा.

धुळ्याकडे पांझरा नदीवरच्या फडांत, म्हणजे बंधाऱ्याच्या सामाईक पाण्यावरच्या शेतीत, पाणी वाटणाऱ्या पाटकऱ्याला डावलून कुणी पाणी फिरवत नसे, कारण बंधाऱ्याचं पाणी सगळ्यांचं. घरावर पडलेल्या पाण्याचा जाब मात्र कुणी विचारला नाही. बोअरचं पाणीही शेजाऱ्याच्या शेताखालूनच येतं ना? कायदा आहे, २००९ चा भूजल अधिनियम. अधिसूचित, म्हणजे सरकारने त्यासाठी जाहीर केलेल्या क्षेत्रात शेती-उद्योगासाठी ६० मीटरपेक्षा खोल बोअरला मनाई. ६० मीटर म्हणजे दोनशे फूट. आपल्याकडे दोनशे फुटांना कुणी बोअर तरी म्हणतं का?

पत्र्याच्या बाबतीत एकाच ठिकाणी मी कडक आहे, ते म्हणजे पुनर्भरण, पाणी परत जमिनीत सोडणं. आमच्याजवळच्या एका वॉशिंग सेंटरवर पन्हाळाचा पाइप आणि गाड्या धुतलेलं फेसाळ, ऑइलचा तवंग असलेलं पाणी एकाच खड्ड्यात जातं. खड्ड्याच्या तळाशी बंद पडलेली बोअर. मालक अभिमानाने सांगतो, "आपण पाणी जिरवतो भाऊ." अरे, जिरवतोस काय, आजूबाजूच्या विहिरी नासवतोस! तापीकाठी पाणी आधीच खोल गेलंय, त्यात हे सोडलं तर धुऊन काढायला कुणाचा बाप येणार?

म्हणून छतावरचं आणि आवारातलं पाणी वेगळं हवं. पहिल्या पावसाचं पाणी बाहेर सोडायचा व्हॉल्व्ह हवा, गाळणी हवी, आणि बोअरमध्ये पाणी सोडणाऱ्याच्या पाण्याची दर पावसाळ्यात तपासणी व्हावी. तिचा खर्च धंदेवाल्याने करावा, मीही करीन. मीटरचा अर्धा खर्च मात्र सरकारने उचलावा, कारण छोट्या डाळमिलवाल्याला तो परवडणार नाही. ग्रुपवर मला 'सरकारी माणूस' म्हणून झालंच आहे. मीटरच्या पैशावरून भांडायचं असेल तर या, कमेंट मोकळी आहे.