तुमच्या निळ्या एमजीबीला लाल रंग का दिला नाही

नमस्कार साहेब,

तुमचा रिव्ह्यू रविवारी रात्री वाचला. दोन स्टार दिलेत. वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. तुम्ही १९६४ ची एमजीबी, म्हणजे ब्रिटिश एमजी कंपनीची जुनी स्पोर्ट्स कार, लाल करायचा भाव विचारायला आलात. आम्ही भाव द्यायचा सोडून 'किंमत उतरेल' म्हणून ऐकवत बसलो, तपासणीचे ४,५०० रुपये घेतले आणि गाडी आठ दिवस अडकवली. दुसरीकडे ६५ हजारांत लाल करून मिळतेय, म्हणजे आम्हाला काम जमत नाही म्हणूनच हे बहाणे, असं तुमचं म्हणणं.

आधी आमच्या चुका. दोन दिवस सांगून आठ लावले. आमचे पेंटर मामा भाताच्या रोप लावणीला खानापूरकडे गावी गेले आणि पावसाने तिकडेच अडकले. हे फोन करून सांगायला मला दोन मिनिटं लागली असती, मी सांगितलं नाही. त्यात एका रात्री गाडी ताडपत्रीखाली बाहेर राहिली आणि उजव्या बाजूचं कार्पेट ओलं झालं. तपासणीचे पैसे फोनवर बोललो होतो, कागदावर दिले नव्हते. आणि तुमच्या मुलासमोर 'गाडीची वाट लावू नका' असं मी म्हणालो, ते बोलायला नको होतं. पोराने हौसेनं लाल रंग निवडला होता, त्याचा चेहरा एवढासा झाला. त्याची आणि तुमची माफी मागतो.

पण रंगाबद्दल जे सांगितलं त्यातला शब्दही मागे घेत नाही. त्या दिवशी घाईत नीट सांगता आलं नाही, ते आता सांगतो.

तुम्ही घरून चुंबक घेऊन आला होता, आठवतं? दारांना चिकटला, फेंडरला चिकटला, बॉनेटला काही केल्या चिकटेना. तुम्हाला वाटलं बॉनेट सगळं लांबीने (पत्र्यावर भरायच्या पुट्टीने) भरलंय, फसलो. मी म्हणालो, थांबा. सुरुवातीच्या एमजीबीचं बॉनेट कंपनीतूनच ॲल्युमिनियमचं येत असे, पुढे १९७० च्या सुमारास ते लोखंडी पत्र्याचं झालं. म्हणजे चुंबक न चिकटणं हीच चांगली खूण. दारांची हँडलं बघा, ओढून उघडायची. १९६५ नंतर बटन दाबायची आली. तुमच्या गाडीवर जुनी हँडलं जागेवर आहेत. चासिस नंबर जीएचएन३ ने सुरू होतो, म्हणजे उघड्या टपाची दोन सीटची. ॲबिंग्डनच्या एमजी कारखान्यातून निघाली तशी ही गाडी बरीचशी अजून आहे.

आता रंग. तपासणी म्हणजे नुसतं बघणं नव्हे साहेब. ड्रायव्हरच्या पायाखालचं कार्पेट काढलं, दारांच्या कडेची रबरी बीडिंग सोडवली, डिकीतला स्पेअर व्हील उचलला, डॅशबोर्डखाली टॉर्च घेऊन मी स्वतः उताणा झोपलो. सगळीकडे एकच रंग, फिकट, थोडा राखेकडे झुकणारा निळा. आयरिस ब्ल्यू. एमजीबी १९६२ साली आली तेव्हाच्या रंगांतला हा एक, आणि पुढे काही वर्षांतच कंपनीने तो बंद केला. बाहेरचा रंग एकदा पूर्वी मारलेला आहे, पण त्याच रंगात मारलाय. रंगाची जाडी मोजायच्या मीटरने दारावर १२० ते १५० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) दाखवलं. म्हणजे तिथे रंगाखाली लांबी नाही. डाव्या मागच्या फेंडरवर मात्र ७०० च्या वर गेला. तिथे कधीतरी ठोकर बसलीय आणि लांबी आहे. बाकी गाडी स्वच्छ. हे सगळं फोटोंसह तुम्हाला व्हॉट्सॲपवर पाठवलंय, ४,५०० त्याचेच होते.

जुन्या स्पोर्ट्स कारला गिऱ्हाईक येतं ते चमक बघून पैसे देत नाही. ते वाकतं. बीडिंग उचलतं, कार्पेट उचलतं, इंजिनमागचा पत्रा बघतं. आत निळा आणि बाहेर लाल दिसला की त्याच्या डोक्यात पहिला प्रश्न रंगाचा येत नाही, रंग का बदलला हा येतो. ठोकली होती का? सिल गंजले होते का? एमजीबीला वेगळी चासिस नाही, दाराखालचे सिल गाडीचा भार धरतात. ते सडले की गाडी मधून वाकते. ताज्या रंगाखाली तिथे काय दडलंय ते कुणालाच दिसत नाही. मग तो माणूस सर्वात वाईट तेच धरून चालतो आणि तसाच भाव बोलतो. तुमचे सिल चांगले आहेत. आजच्या रंगात ते कुणालाही दाखवता येतं. लाल झाल्यावर तुम्हाला ते तोंडाने पटवून द्यावं लागेल.

आणि कागद आहेतच. इंग्लंडमधल्या गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडे एमजीची कारखान्यातली रेकॉर्ड आहेत. चासिस नंबर कळवून फी भरली की ते हेरिटेज सर्टिफिकेट देतात, त्यात गाडी कधी बनली, कुठला इंजिन नंबर, कुठला रंग, सगळं येतं. जग्वार ई-टाइपलाही तसंच सर्टिफिकेट मिळतं. पोर्शेत तर रंगाचा कोड बहुतेक वेळा गाडीतल्याच पट्टीवर किंवा स्टिकरवर असतो. म्हणजे घेणारा घरबसल्या मूळ रंग काढू शकतो. तुमच्या सर्टिफिकेटवर निळा आणि समोर लाल गाडी उभी, तर तुम्ही खरं बोलत असलात तरी सौदा तिथे अडखळतो. दोन वर्षांपूर्वी आमच्याच दारात असं झालं. पुण्याहून एक जण दुसरी एक गाडी बघायला आले होते. डिकीचं रबर बोटाने बाजूला केलं, खाली वेगळा रंग दिसला, आणि ठरलेल्या भावातून अडीच लाख खाली आले. मालक तयार झाले नाहीत. गाडी अजून त्यांच्या शेडमध्येच आहे.

'लाल स्पोर्ट्स कार लगेच खपते' हे तुमचं म्हणणं अगदी चुकीचं नाही. लाल रंगावर माणूस भाळतो. पण जी लाल म्हणून कारखान्यातून निघाली तिला तो मान आहे. नंतर लाल झालेलीला 'हिचा मूळ रंग कुठला' हे विचारलंच जातं. उलट जुन्या गाड्यांचे शौकीन आता त्या काळातले कमी दिसणारे रंग मुद्दाम शोधतात.

प्रत्येक गाडीला मी नाही म्हणतो असंही नाही. मूळ रंग आधीच गेलेला असेल, आत-बाहेर तीन रंगांची खिचडी असेल, पत्रा अर्धा बदललेला असेल, तर रंग बदलून फारसं काही बिघडत नाही. अशी गाडी लाल करायची असली तरी मी त्या काळातलाच लाल सुचवेन. एमजीबीत टार्टन रेड होता. आणि मूळ रंगातच पुन्हा नीट रंगवली तर किंमत पडत नाही, बहुतेक वेळा सुधारते. तुमच्या गाडीचा मूळ रंग आत-बाहेर अजून टिकून आहे, म्हणून मी अडून बसलो.

६५ हजारांबद्दल. त्या गॅरेजला मी नावं ठेवत नाही. पण त्या पैशात इंजिन उतरत नाही, काच निघत नाही, डॅशबोर्ड सुटत नाही. बाहेरून लाल होईल, दार उघडलं की निळा. पूर्ण रंगबदल करायचा तर गाडी सांगाड्यापर्यंत सोडावी लागते, ॲल्युमिनियमच्या बॉनेटला वेगळा प्रायमर लागतो, आणि पावसाळ्यात बेळगावच्या हवेत बूथशिवाय (रंगकामाच्या बंद खोलीशिवाय) रंग मारला तर दमट हवेने तो पांढुरका पडतो. आमचा हिशेब साडेतीन लाखांच्या पुढे जातो. तुम्हाला भाव दिला नाही म्हणता, तो हा. त्याच वेळी सांगायला हवा होता.

आणखी एक गोष्ट, सीमाभागातल्या आपल्या सगळ्यांच्याच कामाची. आरसीवर रंगाची नोंद असते. रंग बदलला तर आरटीओत ती बदलून घ्यावी लागते. तुमच्याकडे येणारं गिऱ्हाईक कोल्हापूर, सांगलीचंच असणार. गाडी कर्नाटकातून महाराष्ट्रात न्यायची म्हणजे एनओसी, तपासणी, नवीन टॅक्स. तिथे कागदावर निळी आणि समोर लाल असं निघालं की फेऱ्या सुरू. तुमची गाडी ५० वर्षांच्या पुढची आहे, २०२१ च्या नियमांनुसार तिची विंटेज म्हणून नोंद होऊ शकते, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. त्या नियमात चासिस, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल नसावा असं आहे. रंगाचा उल्लेख नाही, म्हणून त्याची भीती मी घालत नाही. पण अशी गाडी रॅली, प्रदर्शन अशा कामालाच रस्त्यावर काढता येते, रोज बाजारात न्यायला नाही. नोंद करायच्या आधी तेवढा विचार करा.

पोराला लाल हवीच असेल तर विनाइल रॅप, म्हणजे रंगावर चिकटवायची रंगीत फिल्म, करून बघता येतो, पुढेमागे काढता येतो. पण तुमच्या दारांवरचा रंग जुना आहे, रॅप काढताना त्याचे पापुद्रे निघू शकतात. मी तुमच्या जागी असतो तर तोही केला नसता.

आता आमच्याकडून काय करतो ते. ४,५०० मधले २,००० परत करतो, आठ दिवसांच्या खोळंब्याचे. कार्पेट वाळवून घातलंय, पण मला समाधान नाही. ते पुन्हा काढून खालचा पत्रा तपासतो, त्याचे पैसे नाहीत. फेंडरची लांबी काढून पत्रा सरळ करायचा असेल तर तेवढंच काम लेखी भाव देऊन करतो.

त्या फेंडरसाठी मामांनी कार्पेटखालचा रंग बघून शेड जुळवला होता. तीन वेळा उन्हात धरून बघितला, चौथ्यांदा जुळला. अर्धा लिटरचा डबा आहे, झाकणावर खडूने 'आयरिस' लिहिलंय. तो तुमचा आहे. आमच्याकडे काम करा नाहीतर दुसरीकडे, येऊन घेऊन जा. शनिवारी मी दिवसभर आहे, मुलालाही आणा.