स्कोडा गाडी एमिल स्कोडाने सुरू केली नाही

सध्या एक मेसेज फिरतोय की एमिल स्कोडा नावाच्या इंजिनिअरने 1895 ला कारचा कारखाना काढला. साल बरोबर आहे पण माणूस चुकीचा आहे आणि कारही नाही, म्हणून लिहितोय. एमिल स्कोडाचा कारखाना पिल्सेनला (आताच्या चेक देशातलं शहर), तो त्याने 1869 ला विकत घेतला होता, तिथे मशिनरी अन् तोफा बनायच्या, आणि तो स्वतः 1900 ला वारला, म्हणजे त्याच्या नावाची कार त्याने बघितलीच नाही.

1895 ची गोष्ट म्लादा बोलेस्लाव गावातली. वात्सलाव क्लेमेंट पुस्तकविक्रेता, त्याची जर्मन कंपनीची सायकल बिघडली म्हणून त्याने चेक भाषेत पत्र लिहिलं तर उत्तर आलं की आम्हाला समजेल अशा भाषेत लिहा. तेव्हा तिथे ऑस्ट्रिया-हंगेरीचं राज्य होतं, स्वतःच्याच मुलखात असं उत्तर मिळालं की किती लागत असेल हो. मग मेकॅनिक वात्सलाव लॉरिनला घेऊन त्याने सायकलींचं दुकान टाकलं, सायकलचं नाव 'स्लाविया'. 1899 ला मोटरसायकल आणि पहिली कार, वॉइट्युरेट ए, थेट 1905 ला.

स्कोडा नाव आलं 1925 ला, आदल्या वर्षी लॉरिन-क्लेमेंटच्या कारखान्यात मोठी आग लागली होती, पैशांची ओढाताण होती, तेव्हा पिल्सेनच्या स्कोडा कंपनीने या दोघांची 'लॉरिन अँड क्लेमेंट' कंपनी विकत घेतली. त्यामुळे तो मेसेज पुढे पाठवताना लॉरिन आणि क्लेमेंट ही नावं टाका, खरी मेहनत त्यांची आहे.