एक स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर : वॉटर विस्टेरिया भलती नव्हती आणि मेलेली पण नव्हती

नमस्कार दादा,

तुम्हाला त्रास झाला त्याबद्दल मनापासून सॉरी. हौसेनं माशांचा टँक लावायचा आणि आठवड्याभरात पानं गळून तळाशी गाळ साचायचा, वाईट वाटतंच. पण तुम्ही जे लिहिलंय ना, की फोटोत नाजूक कातरलेल्या पानांची वॉटर विस्टेरिया (टँकमध्ये पाण्याखाली लावायचं झाड) दाखवली आणि पाठवली गोल पानांची भलतीच कुठलीतरी झाडं, ती पण सडकी, वर पांढरी बुरशी, नवीन लोकांनी इथून घेऊ नका फसवणूक आहे... त्यातलं सडकी मी एकवेळ ऐकून घेतलं असतं, पार्सल वाटेत तापतं, होतं कधीकधी. "भलतीच" आणि "फसवणूक" हे मात्र जिव्हारी लागलं. धंदा छोटा आहे, लोक रिव्ह्यू वाचूनच ऑर्डर टाकतात, म्हणून जरा सविस्तर लिहितोय, लांबलं तर समजून घ्या.

तुम्हाला आलेली वॉटर विस्टेरियाच होती. शास्त्रीय नाव हायग्रोफिला डिफॉर्मिस. आपला औषधी तालीमखाना याच हायग्रोफिलातला, आणि अडुळसा, कोरांटी वगैरे पण याच घराण्यातली. ही वनस्पती मुळात दलदलीतली, म्हणजे अर्धा काळ पाण्यात अर्धा काळ पाण्याबाहेर, आणि दोन्हीकडे तिची पानं वेगळी. पाण्याबाहेर पान लांबट गोल, जाडसर, कडेला बारीक दाते. तेच पाण्याखाली वाढलं की खोलवर कातरलेलं, पिसासारखं, पातळ. एकच रोप, एकच कांडी, खाली एक पान आणि शेंड्याला दुसरं असं पण दिसतं. आणि नर्सरीवाले जवळपास सगळेच स्टेम प्लांट (म्हणजे उभ्या कांडीवर पानं येणारी टँकची झाडं) पाण्याबाहेर वाढवतात, आम्ही पण तसाच माल घेतो, कारण त्याला शेवाळ नसतं, गोगलगायी आणि त्यांची अंडी नसतात, कांडी दणकट असते आणि प्रवास सहन करते. म्हणून फोटोत कातरलेली आणि पिशवीत गोल. हे प्रॉडक्टच्या पानावर खाली लिहिलेलं आहे दादा, फोटोच्या खालीच. बारीक अक्षरात आहे, पण आहे.

आता सडली त्याबद्दल. बाहेर वाढलेल्या पानावर मेणाचा थर असतो, पाणी उडून जाऊ नये म्हणून, आणि श्वास घ्यायला रंध्रं असतात. ते पान पाण्यात बुडवलं म्हणजे रेनकोट घालून पोहायला उतरल्यातली गत, त्यातून काही आतबाहेर होईना. वर पाण्यात कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा साधारण 10,000 पट हळू पसरतो, म्हणजे त्या जाड पानाला खायला मिळतच नाही. मग झाड काय करतं, जुन्या पानातलं जेवढं काढून घेता येईल तेवढं काढून घेतं आणि नवीन, पातळ, पाण्यातली पानं काढायला लागतं. जुनं पान पिवळं, मग पारदर्शक, मग गळून पडतं. याला मेल्टिंग म्हणतात. दोन ते चार आठवडे हा खेळ चालतो. बघायचं ते पान नाही, कांडी बघायची. बोटात धरून टणक आणि हिरवी लागली तर झाड जिवंत, बुळबुळीत होऊन दाबली की पिचकली तर मेली. गळकी पानं तेवढी रोज काढून टाकायची, नाहीतर ती कुजून पाण्यात अमोनिया वाढतो आणि माशांना त्रास होतो.

आणि बुरशी. दादा ती मुळं आहेत. या जातीला प्रत्येक पेरातून पांढरी बारीक मुळं सुटतात, पाण्यात लोंबत राहतात. बुरशी कापसासारखी धूसर असते आणि कुजलेल्या भागावर चढते, तुमच्या फोटोत मात्र ती मुळं हिरव्यागार पेरातून सरळ खाली आलेली आहेत.

फोटोचं निघालंच आहे तर बोलतो. तुम्ही दोन फोटो टाकलेत, लोकांनी झूम करून बघावेत. पहिल्यात सगळ्या कांड्या एकाच जुडीत, खाली शिशाची पट्टी आणि रबर तसंच, आणि ती जुडी आख्खी वाळूत खोचलेली. ती पट्टी वाहतुकीपुरती असते. ती काढून, खालच्या एकदोन पेरांची पानं खुडून, एकेक कांडी सुटी, मध्ये दोनतीन सेंटीमीटर जागा ठेवून चिमट्यानं लावायची, पेर वाळूत गेलं पाहिजे कारण मूळ तिथूनच फुटतं. जुडीत आतल्या कांड्यांना ना प्रकाश ना पाणी खेळतं, रबराखाली कांडी दबते आणि तिथूनच कुजायला लागते. पार्सलमध्ये कार्ड होतं, त्यावर पहिली ओळ हीच आहे. मागे दोन गोल्डफिश पण दिसतायत, ते पाला खातात आणि वाळू उकरतात. मी ऑर्डरच्या वेळी मासे कोणते असं विचारलं होतं, तुम्ही "साधेच" म्हणालात. असो. ग्राहकाला मी खोटं पाडत नाहीये, पण मग फसवणूक शब्द वापरू नका ना.

दुसरा फोटो मात्र मी स्वतः दहा वेळा बघितला असेल. त्यात डावीकडची कांडी, वरून तिसरं पेर. जुनं पान गळून गेलंय आणि त्याच्या बगलेत नखाएवढा पोपटी फुटवा आलाय, आणि त्या एवढ्याशा पानाला सुद्धा कडेनं खोल कात्रे पडलेत. हेच ते आमच्या प्रॉडक्टच्या फोटोतलं पान. तुम्ही "सगळं मेलं" म्हणून जो पुरावा टाकलात त्यातच झाड जगलेलं दिसतंय, आणि खाली लिहिलंय की उपटून फेकून दिलं. मला पैशाचं नाही, त्या फुटव्याचं वाईट वाटलं.

"सोपी म्हणून विकता आणि आठ दिवसात मरते" असं पण लिहिलंय. सोपी म्हणजे सिलेंडर लावून कार्बन डायऑक्साइड सोडावा लागत नाही, भारी लाइट लागत नाही, 22 ते 28 डिग्रीत आरामात वाढते, पाणी थोडं जड असो हलकं असो तक्रार नाही. नुसती वाळू असेल तर मुळाशी खताची गोळी खुपसायची, कारण वाळूत खायला काही नसतं, आणि ही खादाड आहे, जुनी पानं पिवळी आणि शेंडा फिका पडायला लागला तर समजायचं भूक लागली. लाइट सहा ते आठ तास, टायमर लावून. तुम्ही मेसेजमध्ये म्हणालात रात्री पण चालू ठेवतो, छान दिसतं, तर दिसतं खरं पण त्यानं झाडापेक्षा शेवाळ जास्त खूश होतं. नळाचं पाणी थेट ओतू नका, क्लोरीन मारणारं औषध टाकून मगच. आणि सगळ्यात मोठं म्हणजे हात लावू नका. मुळं धरली का म्हणून उपटून बघणं, आज इथे उद्या तिथे, त्यात नवीन मुळं तुटतात आणि झाड परत पहिल्यापासून सुरू करतं. एकदा बसली की मग उलटी तक्रार येते, पार वर पाण्याच्या पातळीला टेकते, कापायला कात्री पुरत नाही. वरचा वीतभर शेंडा कापून परत वाळूत खोचायचा, खालच्या बुंध्याला कापलेल्या जागेपासून बहुतेक दोन फांद्या फुटतात, एका जुडीत कोपरा भरतो.

फोन उचलत नाही असं पण लिहिलंय, त्यावर एवढंच की तुमचा मेसेज मध्यरात्रीनंतरचा होता आणि सकाळी दुकान उघडायच्या आत मी "घाबरू नका, पानं गळणारच, कांडी ठेवा" असं उत्तर दिलंय, ब्लू टिक पण आहे. रिव्ह्यू त्यानंतरचा आहे.

बाकी सूचना घेतो. त्या गोल आणि कातरलेल्या पानांचा फोटो शेजारी शेजारी टाकायचं आमचं चाललंच होतं, आता लवकर करू, कार्डावरची अक्षरं पण मोठी करतोय, पॅकिंगचं पण बघतो काय करता येईल ते.

ऑर्डर नंबर इनबॉक्समध्ये टाका, नवीन जुडी पाठवतो, पैसे नकोत, कुरियर पण माझा. फक्त गोल्डफिश दुसऱ्या टँकमध्ये हलवा नाहीतर ती पण त्यांच्याच पोटात जाईल. आणि आधीच्या कांड्या अजून बादलीत वगैरे पडल्या असतील तर दाबून बघा, ज्या टणक लागतील त्या परत लावा, पाण्यावर नुसत्या तरंगत सोडल्या तरी मुळं धरतात. स्टारचं तुम्ही ठरवा, मी बदला म्हणणार नाही, पण "भलतीच" तेवढं काढलंत तर बरं होईल.