चिखलदऱ्याचा शोध कसा लावावा

चिखलदऱ्याचा शोध 1823 साली हैदराबाद पलटणीच्या कॅप्टन रॉबिन्सनने लावला. हे वाक्य तुम्हाला कोणत्याही माहितीपत्रकात सापडेल. वाचून मान डोलवा आणि पुढे चला. गावापासून दोन-तीन किलोमीटरवर गाविलगड उभा आहे, तो अहमदशहा वली बहमनीने 1425 साली बांधून घेतला, म्हणजे शोध लागायच्या 398 वर्षे आधी, असले हिशेब मांडायला तुम्ही काही तलाठी नाही. ज्या डोंगराचा पत्ताच कुणाला नव्हता, तिथे चारशे वर्षे तोफा, किल्लेदार आणि बांधीव तलाव कुणासाठी होते, असे विचारणारा माणूस सहलीत कुणालाच नको असतो. त्याला पुढच्या वेळी गाडीत जागा मिळत नाही.

शोध लावायची रीत सोपी आहे. आपण पोचलो तेव्हा तिथे कुणी नव्हते, एवढे मनाशी पक्के धरायचे. रॉबिन्सनला ते जमले. तुम्हालाही जमेल, तुमच्याकडे तर कॅमेरा आहे.

जायचे ते जुलै-ऑगस्टमध्ये, आणि शनिवारी. मंगळवारी गेलात तर गाव रिकामे दिसेल, दरी नीट दिसेल, शांतताही मिळेल, पैसे फुकट. शनिवारी सकाळी अकराला अमरावतीहून निघालात की परतवाडा ओलांडेपर्यंत सगळा वऱ्हाड तुमच्या पुढे असतो. घाटात गाड्या अडकल्या की उतरून रस्त्याच्या मधोमध नाचावे. डिकी उघडी ठेवावी, म्हणजे स्पीकरचा आवाज समोरच्या डोंगरापर्यंत जातो. वानरे कठड्यावर रांगेत बसलेली असतातच. त्यांना कुरकुऱ्यांची पाकिटे द्या. मागच्या खेपेला मी एका वानराला पाकीट फोडताना जवळून पाहिले. त्याने ते आधी कानाजवळ नेऊन हलवले, मग दातांनी नेमका कोपरा फाडला, खाऊन झाल्यावर आत बोट फिरवून मसाला चाटला आणि रिकामे पाकीट दरीत सोडून दिले. एका पिढीत इतके शिकला. आमच्या शेजारच्या गाडीतल्या काकांनीही नेमके तसेच केले, फक्त कानाजवळ हलवले नाही.

वर पोचल्यावर धुके असेल. घाबरू नका. धुक्यात देवी पॉइंट, हरिकेन पॉइंट आणि हॉटेलची मागची भिंत सारखीच दिसतात, त्यामुळे एकाच जागी उभे राहून तिन्ही पॉइंट उरकता येतात. पाटी तेवढी बदलायची. दरीकडे पाठ करायची, ती तशीही दिसत नाही.

पंचबोल पॉइंटला मात्र जायलाच हवे. इथे एकदा हाक मारली की पाच वेळा परत येते, अशी ख्याती आहे. हाक मारण्यासारखे काही सुचले नाही तर मित्राच्या नावाने शिवी चालते, बहुतेकांची तीच पसंती आहे. मी गेलो तेव्हा तिथे एक म्हातारबुवा कोळशावर कणसे भाजत बसले होते. मी त्यांना विचारले, खरेच पाच वेळा येते का हो? त्यांनी कणीस उलटले, त्याला लिंबू-मीठ चोळले आणि म्हणाले, "लोक म्हन्तात बा. मी त इतके साल झाले एकच खेप आयकून राह्यलो. बाकीच्या चार तुमच्यावाले पोट्टेच देतात."

आता नावाविषयी. चिखलदरा या नावाचा चिखलाशी संबंध नाही, हे गावातला कुणीही तुम्हाला जरा दुखावल्या सुरात सांगेल. भीमाने कीचकाला मारून दरीत फेकले, म्हणून कीचकदरा, आणि त्याचा झाला चिखलदरा. मग भीमाने हात धुतले ते भीमकुंड. विराट राजाचे ठाणे होते ते वैराट, या भागातले सर्वात उंच ठिकाण. इतके पुरावे असल्यावर शंकेला जागा नाही. आता आमच्या साताऱ्यातली वाईसुद्धा विराटनगरी आहे आणि राजस्थानातले बैराटही विराटनगरी आहे, पण त्यात अडचण काही नाही. वाईला गेलात की वाईचे खरे माना, इथे आलात की इथले. पांडवांना अज्ञातवासात राहायचे होते, तीन-तीन पत्ते देऊन ठेवणेच शहाणपणाचे. (जुलैत पार्किंगमध्ये गाडीचे चाक निम्मे रुतले, तेव्हा मला दुसरी एक व्युत्पत्ती सुचली होती. ती मी गावात बोललो नाही.)

गाविलगडावर जायचा हट्ट कुणी धरलाच तर जा, पण बेताने. मोठा किल्ला आहे, बाहेरचा वेगळा, आतला वेगळा, मध्ये खोल घळ. शार्दूल दरवाजावर गंडभेरुंड कोरलेला आहे, दोन तोंडांचा पक्षी. विजयनगरकडचे हे चिन्ह वऱ्हाडात कसे आले? फत्तेउल्ला इमादुल्मुल्क मूळचा तिकडचा, लढाईत धरून आणलेला ब्राह्मणाचा मुलगा, असे जुन्या बखरकारांनी लिहून ठेवले आहे. त्याने 1488 साली गडाची मोठी डागडुजी केली, आणि पुढे वऱ्हाडची इमादशाही त्याच्याच घराण्याची. लहानपणी मुलखातून उचलून नेलेल्या पोराने म्हातारपणी परक्या डोंगरातल्या दरवाजावर आपल्याकडचा पक्षी बसवला. मला त्या दरवाजासमोरून हलता येईना. तुम्ही असले काही करू नका. तो पक्षी फ्रेममध्ये नीट बसत नाही, एक चोच कापली जाते.

त्याऐवजी शेजारच्या दगडावर नाव कोरा. हा गड घ्यायला आर्थर वेलस्लीला काय यातायात पडली! पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा वेलिंग्टन तो हाच. 1803 च्या डिसेंबरात त्याच्या फौजेने उत्तरेच्या बाजूने, रस्ता नसलेल्या डोंगरातून, अवजड तोफा दिवसचे दिवस ओढत आणल्या. 15 डिसेंबरला बाहेरच्या तटाच्या भगदाडातून आत शिरले, तर पुढे आतला किल्ला अखंड उभा. मग कॅम्पबेल नावाच्या कॅप्टनने घळीतून वर चढून तटाला शिडी लावली. भोसल्यांचा किल्लेदार बेनीसिंग आपल्या माणसांसह तिथेच पडला. दोन दिवसांनी, 17 तारखेला, नागपूरच्या रघूजी भोसल्यांनी देवगावच्या तहावर मान तुकवली. इतके सगळे होऊन त्या कॅम्पबेलचे नाव गडावर कुठे दिसत नाही. तुम्हाला मात्र तोफ नको, शिडी नको, मोटरसायकलची किल्ली पुरते. बदामात दोन आद्याक्षरे आणि खाली साल. इतिहासात यापेक्षा स्वस्तात कुणी शिरलेले नाही.

तर असा हा गड इंग्रजांनी जिंकून वीस वर्षे झाल्यावर रॉबिन्सन आला आणि त्याने शेजारच्या पठाराचा शोध लावला. त्याला गार वारा लागला, खाली अचलपूरचा उन्हाळा आठवला, बाकी तुम्ही ओळखालच. बंगले आले. कॉफी आली. महाराष्ट्रात कॉफीचे मळे म्हटले की आजही याच गावाचे नाव घेतात. तेव्हा हॉटेलात बसल्यावर हमखास कॉफी मागवा. मी मागवली होती. पोऱ्याने कपात गरम दूध आणून ठेवले आणि शेजारी पुडी. खिडकीतून, धुके जरा हलले तेव्हा, कॉफीची झाडे दिसत होती. पुडी फाडताना मी त्यांच्याकडे बघितले नाही. खायचेच असेल तर रस्त्यावर गवळ्यांकडची रबडी घ्या, पण ती फार चांगली असते, त्यामुळे तिची शिफारस या लेखात बसत नाही.

मग वाघ. 1973 साली व्याघ्र प्रकल्पाची कल्पना निघाली तेव्हा देशातली पहिली नऊ जंगले निवडली, त्यांत मेळघाट होते. म्हणजे इथला वाघ मानाचा, आणि मानाच्या पाहुण्यासारखाच दिसत नाही. डोंगरउतार, सागाचे दाट रान, उभ्या दऱ्या. ताडोबासारखा तो रस्त्याच्या कडेला येऊन पोझ देत नाही. याचा राग जिप्सीवाल्यावर काढावा. "पैसे भरलेत आम्ही," असे मोठ्याने म्हटले की कधी कधी अस्वल तरी पळताना दिसते.

वाघाला माणसांचा त्रास होतो, हे आता सगळ्यांना पटलेले आहे. म्हणून कोहा, कुंड, बोरी ही जंगलातली गावे उठून खाली अकोटच्या बाजूला वसली, मागोमाग आणखीही उठली. चूल पेटवणारा, मोह वेचणारा, गुरे राखणारा माणूस वाघाला खपत नाही. तुमची गोष्ट वेगळी. तुमच्या रिसॉर्टच्या गच्चीवरचा डीजे रात्री साडेबाराला वाजतो, तो जीएसटीसकट असतो, आणि वाघाला पावती दाखवली की तो समजून घेतो. दऱ्यांवर काचेचा स्कायवॉक होणार, 407 मीटर लांब, म्हणून आपण किती वर्षे बातम्या वाचतो आहोत! जमिनीवर चालून जंगल दिसत नाही, हे सरकारलाही एव्हाना कळले असावे.

या सगळ्या धामधुमीत तुम्हाला रस्त्याच्या कडेने डोक्यावर मोळी घेऊन जाणाऱ्या बाया दिसतील. मातीच्या लिंपलेल्या भिंतींची, समोरासमोर दोन ओळींत बसलेली घरे दिसतील. तिकडे फार बघू नका, शोधात व्यत्यय येतो. हे कोरकू. यांची भाषा मराठीची नव्हे, हिंदीचीही नव्हे. तिची सख्खी भावंडे पार झारखंडात, संथाली आणि मुंडारी. पावसाळ्यात ज्या नदीकाठी तुम्ही जेवायला बसता ती सिपना. सिपना म्हणजे त्यांच्या बोलीत साग. आणि कोरकू या शब्दाचा अर्थ जातीबितीचा नाही. कोरो म्हणजे माणूस, कू लावले की अनेकवचन. कोरकू म्हणजे माणसे. बस्स, एवढेच नाव त्यांनी स्वतःला ठेवले आहे.

त्यांच्याविषयी वर्तमानपत्रात वाचायचे असेल तर पावसाळ्यातच वाचावे. 1993 पासून ते सदर चालू आहे: कुपोषण, बालमृत्यू, कोर्टात याचिका, मंत्र्यांचा दौरा. दौरा आणि सहल एकाच मोसमात येतात, एकाच घाटाने चढतात आणि दोघांनाही धुके लागते. दिवाळी उलटली की घरेच्या घरे कुलूप लावून मजुरीला खाली उतरतात, वीटभट्ट्यांवर, कापणीला, मिळेल तिथे. त्या दिवसांत गेलात तर गाव खरेच रिकामे सापडेल. रॉबिन्सनही बहुधा तेव्हाच आला असावा.

एक चूक टाळा. होळीच्या आठवड्यात जाऊ नका. तेव्हा सगळे परत आलेले असतात. ढोल वाजतात, मेघनाथाची पूजा असते, आणि घाट उतरताना वळणावर अचानक रस्त्यात दोरी आडवी येते. दोरीच्या या टोकाला चार बाया, त्या टोकाला पाच-सहा पोरे, हातात पळसाच्या फुलांचा रंग. गाडी थांबते. काच खाली करावी लागते. "फगवा द्या, भाऊ."

तुम्ही म्हणता, "फास्टॅग आहे." त्या हसतात, आपापसात काहीतरी बोलतात, तुम्हाला एक शब्द कळत नाही. त्यातली एक खिडकीतून हात घालून तुमच्या कपाळाला बोट लावते. मागच्या सीटवरची तुमची पोरगी आनंदाने ओरडते, "बाबा, इथे माणसं राहतात!"

लगेच लिहून ठेवा. साल टाकायला विसरू नका, पुढे माहितीपत्रकात लागेल. आणि दहाची नोट द्या, दोरी अजून खाली आलेली नाही.